कोरफड : घरची लागण, निगा व पान चिरण्याची रीत

कोरफड ठाऊक नाहीं असा शेतकरी महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. कित्येक गांवीं ती घराच्या दारावर उलटी टांगलेली दिसते. मुळें वर, पानें खालीं, माती नाहीं, पाणी नाहीं. तरीही ती महिनोन्महिने हिरवी राहते, आणि एखाद्या वर्षीं तिचा तुरा वर वळून त्यास फुलेंही लागतात. घरास दृष्ट लागूं नये म्हणून लोक ती टांगतात. दृष्टीचें कसें तें असो. परंतु निराधार टांगलेलें झाड जिवंत राहतें ही गोष्ट मात्र प्रत्यक्ष आहे, व तिचें कारण समजून घेतल्यास या झाडाची निगा कशी राखावी हेंही आपोआप समजतें.

इतक्या परिचित झाडाविषयीं लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, झाड परिचित आहे, पण त्याचें पान परिचित नाहीं. कोरफडीच्या एकाच पानांत दोन भिन्न गुणांचे रस असतात. सालीच्या लगत पिवळा, कडू चीक. आणि मध्यभागीं स्वच्छ, बुळबुळीत गर. गर थंड व सौम्य आहे; चीक तीव्र रेचक आहे. या दोहोंची भेसळ झाली म्हणजे औषधाचें अपाय होण्यास वेळ लागत नाहीं. कोरफड लावण्यास फारसें कौशल्य लागत नाहीं. तिचें पान चिरण्यास लागतें. हीच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

ओळख :— संस्कृतांत हिला कुमारी किंवा घृतकुमारी म्हणतात; हिंदींत घीकुंवार व ग्वारपाठा, गुजरातींत कुंवार, आणि मराठींत कोरफड किंवा कोरकांड. बाजारांत व औषधांच्या बाटल्यांवर मात्र अ‍ॅलो व्हेरा हें शास्त्रीय नांवच अधिक चालतें. हिचें मूळ स्थान अरबस्तानचें द्वीपकल्प असावें, असें आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. व्यापाराबरोबर ती फार प्राचीन काळीं भूमध्य समुद्राच्या कांठीं व आपल्याकडे आली, आणि पुढें सतराव्या शतकांत वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटांत तिची मोठी लागवड झाली. ती सारी लागवड गरासाठीं नसून चिकासाठीं होती. चीक आटवून वाळविला म्हणजे जो काळा, ठिसूळ पदार्थ होतो तोच वैद्यांचा काळा बोळ किंवा मुसब्बर. काठेवाडांतील जाफराबादचा बोळही एके काळीं व्यापारांत नांवाजलेला होता.

झाड ओळखण्यांत एक चूक वारंवार होते. बांधावरच्या घायपातास नवखे लोक कोरफड समजतात. घायपाताचें पान चिवट असतें, त्याच्या टोकास सुईसारखा कठीण कांटा असतो, व तें मोडल्यास आंत वाखाचे दोरे दिसतात. कोरफडीचें पान मांसल असून सहज मोडतें; कडेचे कांटे आंखूड व मऊ असतात, आंत दोरा नसतो, आणि मोडलेल्या जागीं पिवळा चीक येतो. घायपाताच्या रसानें अंगास आग होऊन फोड येतात. म्हणून खात्री केल्यावांचून कोणतेंही पान अंगास लावूं नये. कोवळ्या कोरफडीच्या पानांवर पांढरे ठिपके असतात. झाड वाढल्यावर ते बहुतकरून नाहींसे होतात. हिवाळ्याच्या सुमारास मधून उंच दांडा निघून त्यावर पिवळीं, लोंबतीं फुलें येतात. शोभेकरितां विकल्या जाणाऱ्या कोरफडीच्या दुसऱ्या जातींचीं फुलें नारिंगी किंवा तांबडीं असतात. त्या जाती औषधासाठीं घेऊं नयेत.

झाडाचा स्वभाव :— बहुतेक वनस्पति दिवसां पानांवरील सूक्ष्म रंध्रें उघडून हवा घेतात, व त्याच वेळीं त्यांच्या आंतलें पाणी वाफ होऊन उडून जातें. कोरफडीची रीत उलटी आहे. ती दिवसां रंध्रें मिटून बसते व रात्रीं गारवा पडल्यावर उघडते. रात्रीं घेतलेली हवा ती आम्लरूपानें सांठविते आणि दिवसां सूर्यप्रकाशांत तिचें अन्न बनविते. शिवाय पानांतील गर म्हणजे तिची पाण्याची टांकीच होय. त्या गरांत शेंकडा अठ्ठ्याण्णवांहून अधिक पाणी असतें. दारावर टांगलेली कोरफड या सांठ्यावर जगते. ज्या झाडानें अवर्षणाची एवढी तयारी करून ठेवली आहे, त्यास अवर्षणानें मरण सहसा येत नाहीं. तें मरतें तें आपल्या हातच्या पाण्यानें.

जमीन व जागा :— पाण्याचा निचरा होणारी कोणतीही हलकी जमीन हिला चालते. मुरमाड, वरकस, रेताड जमिनींत ती उत्तम येते. थोड्या खारवट जमिनींतही तग धरते. भारी काळ्या जमिनींत लावणें झाल्यास सपाट वाफ्यांत लावूं नये. वरंब्यावर किंवा बांधाच्या उतारावर लावावी. पाणथळ जागा मात्र सर्वथा वर्ज्य. कोंकणांतील व घाटमाथ्यावरील वाचकांनीं ती कुंडींत लावून पावसाळ्याचे चार महिने पागोळीपासून दूर, पडवींत किंवा वळचणीच्या आंत ठेवावी, हें उत्तम. देशावर व मऱ्हाटवाड्यांत ती उघड्यावर सुखानें वाढते.

ऊन हिला आवडतें. परंतु सावलींत वाढलेलें झाड एकदम वैशाखाच्या उन्हांत ठेवल्यास पानें तांबूस, तपकिरी होतात. असें झाल्यास घाबरूं नये; थोड्या सावलींत नेल्यावर रंग पुन्हां हिरवा होतो. घरांत अगदीं अंधाऱ्या कोपऱ्यांत ठेवलेली कोरफड लांबट, पातळ व लुळी होते. सकाळचें ऊन मिळेल अशी पूर्वेकडील ओटी किंवा खिडकी सर्वांत चांगली. धुकें व कडक थंडी हिला सोसत नाहीं. जेथें हिंव पडतें तेथें रात्रीं वर गोणपाट टाकावें.

लागण :— आपल्याकडील कोरफडीस बी क्वचितच धरतें. म्हणून ती फुटव्यांपासूनच लावितात. जुन्या झाडाच्या बुंध्याभोंवतीं हे फुटवे येतात. चार-पांच पानांचा व वीतभर उंचीचा झालेला फुटवा मुळांसकट वेगळा करावा. पुष्कळ लोक येथेंच घाई करितात. फुटवा काढल्याबरोबर लावून वर भरपूर पाणी घालतात, आणि तोडलेल्या ओल्या जखमेंतून कुजवा आंत शिरतो. योग्य रीत अशी कीं, फुटवा दोन-तीन दिवस सावलींत तसाच पडूं द्यावा. जखम सुकून तिच्यावर पापुद्रा धरला म्हणजे लावावा, आणि पहिलें पाणी आणखी तीन-चार दिवसांनीं द्यावें. लागणीस पावसाळ्याचा आरंभ किंवा शेवट हे दोन काळ सोयीचे आहेत. मात्र ज्या दिवशीं झड लागली असेल त्या दिवशीं लागण करूं नये.

कुंडीसाठीं एक भाग माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक मुरूम, व एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्चें शेण घालूं नये. त्याच्या उष्णतेनें मुळें जळतात व हुमणी वाढते. कुंडीच्या बुडास भोंक असलेंच पाहिजे, व त्यावर खापराचा तुकडा उपडा ठेवावा. कोरफडीचीं मुळें खोल न जातां आजूबाजूस पसरतात. म्हणून कुंडी उंच असण्यापेक्षां रुंद असावी. मातीची कुंडी पत्र्याच्या डब्यापेक्षां किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षां चांगली, कारण तिच्या अंगांतून ओल बाहेर जाते. फुटवा लावतांना पानांचा जुडगा मातीखालीं जाऊं देऊं नये. बांधावर लावावयाची असल्यास दोन दोन फुटांवर एक झाड पुरें. वर्ष-दीड वर्षांत भोंवतीं फुटव्यांचा गर्दा होतो. तो दरवर्षीं काढून टाकला नाहीं, तर आईचीं पानें बारीक राहतात.

पाणी :— पाण्याचा नियम वारानें किंवा तारखेनें ठरवूं नये. मातीस विचारून ठरवावा. बोट दोन पेरें मातींत घालून पाहावें. आंत ओल लागल्यास पाणी देऊं नये. माती कोरडी लागल्यास कुंडीच्या भोंकांतून निथळेपर्यंत पोटभर द्यावें, व पुन्हां माती सुकेपर्यंत थांबावें. या रीतीनें उन्हाळ्यांत साधारणपणें आठवड्यास एक पाणी व हिवाळ्यांत दोन-तीन आठवड्यांस एक पाणी पुरतें. पावसाळ्यांत उघड्यावरील झाडास बहुधा द्यावेंच लागत नाहीं. पाणी बुंध्याशीं मातींत द्यावें. पानांच्या मध्यल्या पेल्यांत सांचूं देऊं नये.

झाड आपलें गाऱ्हाणें पानांनीं सांगतें. पानें पातळ होऊन आंत वळूं लागलीं, त्यांवर सुरकुत्या पडल्या, तर झाडास तहान लागली आहे. पानें फुगून मऊ पडलीं, पिवळट व अर्धपारदर्शक दिसूं लागलीं, बुंध्याशीं काळीं झालीं, तर पाणी अधिक झालें आहे. पहिला दोष एका पाण्यानें दूर होतो. दुसऱ्यास उपाय एकच : झाड उपटावें, काळीं मुळें व कुजलेला भाग स्वच्छ सुरीनें कापून टाकावा, झाड चार-पांच दिवस सावलींत सुकवावें, आणि नव्या कोरड्या मातींत लावावें. बुंधा आंतून मऊ झाला असल्यास झाडाचा मोह सोडून एखादा निरोगी फुटवा राखावा.

कीड व रोग :— पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसल्यास तो पिठ्या ढेकूण समजावा. थोड्या झाडांवर असल्यास ओल्या फडक्यानें पुसून काढावा व साबणाच्या पातळ पाण्यानें पानें धुवावीं. पानांवर काळपट, खोलगट ठिपके पडणें हा बुरशीचा रोग आहे. दमट हवेंत तो वाढतो. तशीं पानें तोडून जाळावीं व झाडांत अंतर राखून वारा खेळूं द्यावा. पान किंवा फुलाचा दांडा वेडावांकडा होऊन त्यावर गांठी आल्यास तो अतिसूक्ष्म कोळ्याचा उपद्रव असतो. त्यावर इतर उपायांपेक्षां तो भाग कापून नष्ट करणें हेंच श्रेयस्कर. घरच्या झाडाचें पान अंगास लावावयाचें व पोटांत घ्यावयाचें असल्यामुळें त्यावर विषारी औषधांचे फवारे मारूं नयेत.

पानाची रचना :— आतां मुख्य विषयाकडे वळूं. पान आडवें कापून उजेडांत धरल्यास तीन भाग स्पष्ट दिसतात. बाहेर जाड हिरवी साल. सालीच्या आंतल्या अंगास बारीक शिरांची एक रांग. या शिरांच्या लगतच्या पेशींत पिवळा चीक भरलेला असतो. आणि त्याच्या आंत रंगहीन गराचा लगदा. चीक तळहातावर घेऊन ठेवल्यास हवेनें हळूहळू तपकिरी होतो व त्याचा कडूपणा जिभेवर बराच वेळ राहतो. या चिकांत अ‍ॅलोइन नांवाचें द्रव्य असतें. तें मोठ्या आंतड्यांस चेतवून जुलाब घडवितें. गरांत हें द्रव्य नसतें. परंतु सुरी सालींतून गरांत जाते तेव्हां ती चीक बरोबर घेऊन जाते.

प्रस्तुत लेखकानें हा भेद पैसे न देतां, पण चांगली किंमत देऊन शिकला आहे. तरुणपणीं पोट साफ राहण्यास कोरफड उत्तम असें ऐकून एक सबंध पान सालीसकट पाट्यावर वाटलें, व त्याचा पेलाभर रस सकाळीं घेतला. दुपारपर्यंत कांहीं झालें नाहीं. तेव्हां औषध बाधत नाहीं असें वाटून संध्याकाळीं पुन्हां घेतला. रात्र मुरड्यांत व दुसरा दिवस अंथरुणावर गेला. चिकाचा गुण सहा ते बारा तासांनीं दिसतो हें तेव्हां माहीत नव्हतें. निरोगी तरुणास जें दोन दिवसांत निभावलें, तें म्हाताऱ्या माणसास, गरोदर स्त्रीस किंवा लहान मुलास निभावेलच असें नाहीं.

पान तोडण्याची व चिरण्याची रीत :— झाड निदान आठ-दहा महिन्यांचें झाल्याशिवाय पान तोडूं नये. नेहमीं सर्वांत बाहेरचें व खालचें, पूर्ण भरलेलें पान घ्यावें. मधलीं कोवळीं पानें झाडाची वाढ आहेत, त्यांस हात लावूं नये. एका वेळीं एका झाडाचीं तीन-चारांहून अधिक पानें घेऊं नयेत. धारदार, स्वच्छ सुरीनें पान बुंध्याशीं कापावें. ओढून फाडूं नये. त्यानंतरची कृति क्रमानें पुढीलप्रमाणें करावी.

पहिली गोष्ट, पान कापलेलें तोंड खालीं करून एका भांड्यांत उभें ठेवावें. निदान अर्धा तास, व सवड असल्यास अधिक वेळ, चीक निथळूं द्यावा. भांड्याच्या तळाशीं जो पिवळा रस सांचेल तो पाहिला म्हणजे आपण काय टाळीत आहों हें घरांतील सर्वांस कळेल. दुसरी, पान पाण्यानें धुऊन बुंध्याकडील सुमारें एक इंच तुकडा व टोंकाकडील थोडा भाग कापून टाकावा. तिसरी, दोन्ही कडांचे कांटे लांबट पट्टी काढून वेगळे करावे. चौथी, पान पाटावर सपाट बाजू वर करून ठेवावें आणि वरची साल थोडी जाड घेऊन सोलावी. येथें काटकसर करूं नये. सालीस थोडा गर लागून गेला तरी चालेल, पण गरास साल लागतां कामा नये. पांचवी, गर चमच्यानें किंवा सुरीनें अलगद उचलून घ्यावा. खालची साल खरडूं नये, कारण खरडण्यानें तेथला चीक वर येतो. सहावी, गराचे तुकडे दोन-तीन पाण्यांनीं धुवावे. पाण्यास पिवळी झांक राहणार नाहीं इतके धुवावे. शेवटीं एक कण जिभेवर ठेवून पाहावा. शुद्ध गर जवळजवळ बेचव असतो. कडू लागल्यास पुन्हां धुवावा.

ताजा गर त्याच दिवशीं वापरावा. झांकून फ्रिजमध्यें ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकतो. त्यापुढें पाणी सुटून आंबूस वास येऊं लागला म्हणजे टाकून द्यावा. अर्धें पान शिल्लक राहिल्यास कापलेली बाजू गुंडाळून ठेवावी, व पुढील खेपेस तेवढी चकती काढून टाकावी.

अंगास लावण्याचे उपयोग :— उन्हानें भाजलेली त्वचा, चुलीचा किंवा वाफेचा लहानसा चटका, खरचटणें, टांचांस पडलेल्या भेगा, कोरडेपणाची खाज, यांवर गर लावल्यानें आग शमते व त्वचा मऊ राहते. सन १९३५ मध्यें क्ष-किरणांनीं भाजलेल्या त्वचेवर ताज्या कोरफडीचा उपयोग झाल्याचें अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, व तेव्हांपासून तिकडील वैद्यांचें लक्ष या गराकडे विशेष लागलें. पुढील प्रयोगांत सौम्य भाजण्यावर त्याचा उपयोग कित्येक वेळां दिसून आला आहे. मात्र भाजल्याबरोबर पहिलें काम गर शोधण्याचें नव्हे. भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरणें हें होय. त्यानंतर गर लावावा. फोड फुटला असल्यास, भाजणें तळहाताहून मोठें असल्यास, किंवा तोंड, डोळे व सांधे भाजले असल्यास घरगुती उपाय न करितां दवाखान्यांत जावें. खोल जखमेंत व शस्त्रक्रियेच्या टांक्यांवर गर भरूं नये. कांहींच्या त्वचेस कोरफड सोसत नाहीं. म्हणून प्रथम मनगटाच्या आंतल्या बाजूस थोडा लावून एक दिवस वाट पाहावी.

पोटांत घेण्याविषयीं :— या बाबतींत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. धुतलेला गर थोड्या प्रमाणांत खाण्यांत येतो. मारवाडांत ग्वारपाठ्याची भाजी करितात, व तेथील गृहिणी तुकडे मिठाच्या पाण्यांत उकडून, तें पाणी फेंकून, कडूपणा गेल्याची खात्री करूनच ते फोडणीस टाकतात. कडूपणा घालविण्याची ही दक्षता त्या पाककृतीचा प्राण आहे. चीक किंवा सबंध पानाचा रस ही निराळी गोष्ट. काळा बोळ व कुमारीआसव हीं आयुर्वेदांतील औषधें खरीं. परंतु तीं वैद्यानें प्रकृति व मात्रा पाहून द्यावयाचीं आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें सन २००२ मध्यें कोरफडीच्या चिकाचीं रेचकें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. पुढें उंदरांच्या जातीवरील प्रयोगांत चिकासहित सबंध पानाचा अर्क दीर्घकाळ दिल्यास मोठ्या आंतड्यांत गांठी झाल्याचें आढळलें, व त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें तशा अर्कास माणसांत कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या वर्गांत घातलें. चीक काढून शुद्ध केलेल्या गराविषयीं हा निर्णय नाहीं. पण भेसळीचा धोका काय आहे तें यावरून स्पष्ट होतें.

म्हणून गरोदर स्त्रियांनीं व अंगावर पाजणाऱ्या मातांनीं कोरफड पोटांत घेऊं नये. मूत्रपिंडाचा, आंतड्यांचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनीं, तसेंच मधुमेहाचीं व लघवी वाढविण्याचीं औषधें चालू असलेल्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये. वारंवार जुलाबानें शरीरांतील क्षार कमी होऊन हृदयाची गति बिघडूं शकते. मुलांच्या खोकल्यावर पान निखाऱ्यावर भाजून त्याचा रस मधांतून देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. भाजल्यानें चीक नाहींसा होतो अशी समजूत त्याच्या मुळाशीं असते. परंतु काळा बोळ हा चीक आटवूनच करितात, व तरीही त्याचा गुण कायम राहतो. तेव्हां निखाऱ्याच्या दोन मिनिटांच्या आंचेनें तो जाईल कसा? शिवाय एक वर्षाच्या आंतील बालकास मध देणेंही धोक्याचें आहे. बाळाचें अंगावरचें दूध तोडण्यासाठीं आई स्तनास कोरफडीचा चीक लावते, तीही चाल सोडावी.

जनावरांकरितां :— घरच्या कोरफडीचा शेतकऱ्यास मोठा उपयोग गोठ्यांत आहे. दुभत्या जनावराची कास सुजून दुधांत गांठी येणें, म्हणजे कासदाह, ज्यास खेड्यांत दगडी म्हणतात, त्यावर आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें एका घरगुती लेपाचा प्रसार केला आहे. कोरफडीचें पान २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व खाण्याचा चुना १५ ग्रॅम एकत्र वाटावा. हळद व चुना यांच्या योगानें लेप तांबडा होतो. कास स्वच्छ धुऊन सर्व दूध काढून टाकावें. मूठभर लेप थोड्या पाण्यांत पातळ करून तो सबंध कासेस लावावा. दिवसांतून दहा वेळां, असा पांच दिवस क्रम ठेवावा व रोज ताजा लेप वाटावा. येथें लेप बाहेरून लावावयाचा असल्यामुळें पान सालीसकट वाटलें तरी चालतें. म्हणूनच वासरास त्या कासेस तोंड लावूं देऊं नये, व प्रत्येक दोहनापूर्वीं कास धुवावी. रोगट सडाचें दूध घरांत किंवा डेअरींत देऊं नये. जनावरास ताप असल्यास, तें चारा सोडून बसल्यास, किंवा दुधांत रक्त दिसल्यास लेपावर न विसंबतां त्याच दिवशीं पशुवैद्यास बोलवावें. लेप हा उपचाराचा आरंभ आहे, वैद्याचा प्रतिनिधि नव्हे.

विक्रीकरितां लागवड :— कोरफडीच्या एकरी लागवडीचा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. त्यांनीं हिशेब असा करावा. दोन फूट बाय दोन फूट अंतरानें एकरांत सुमारें १०,८९० फुटवे बसतात. पहिल्या वर्षीं खर्चाचा मोठा भाग या फुटव्यांच्या खरेदींत जातो. आणि हें पीक तर स्वतःच फुटवे देतें! अर्थात् ज्या भागांत आज फुटवा महाग विकला जातो, तेथें दोन-तीन वर्षांनीं तो फुकट मिळूं लागतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे शेतकरी या पिकांत फसले, त्यांतील पुष्कळांची कथा अशी आहे : फुटवे विकणारानें माल परत घेण्याचें तोंडी वचन दिलें, व पानें तयार झालीं तेव्हां तो दिसेनासा झाला. फुटव्यांच्या विक्रींतच ज्याचा नफा झाला, त्यास पानांची गरज ती काय?

दुसरी गोष्ट, पान म्हणजे मुख्यतः पाणी. तें दूरवर वाहून नेण्याचें भाडें मालाच्या किंमतीस खाऊन टाकतें. तिसरी, कापलेलें पान ज्वारीप्रमाणें पेवांत ठेवतां येत नाहीं; कांहीं तासांतच गराचा गुण उतरूं लागतो. म्हणून प्रक्रियेचा कारखाना जवळ नसेल तर कितीही उत्तम पीक आलें तरी तें शेतांतच राहतें. ज्यांस लागवड करणेंच असेल त्यांनीं प्रथम कारखाना पाहावा, नंतर लेखी करार करावा, आणि शेवटीं फुटवा लावावा. करारांत दर, तोडणीचा काळ, दर खेपेस किती माल उचलणार, वाहतूक कोणाची, व माल नाकारल्यास काय, या पांच गोष्टी असल्याच पाहिजेत. करार करणारा व फुटवे विकणारा एकच असेल तर दुप्पट सावध राहावें. हा क्रम उलटा करणारास पीक दोष देत नाहीं, आणि त्यानेंही पिकास दोष देऊं नये.

याच्या उलट, बांधावर दहा-वीस कोरफडी लावण्यास खर्च जवळजवळ नाहीं. गुरें ती सहसा खात नाहींत, पाणी मागत नाहीं, आणि चार-पांच वर्षें घरास व गोठ्यास पान पुरवते. शेजाऱ्याकडून एक फुटवा आणावा, दोन दिवस सावलींत सुकवावा, मुरमाड जागीं लावावा, व त्यास विसरून जावें. विसरण्यानें हें झाड बहुधा सुधारतें. परंतु ज्या दिवशीं पान तोडाल त्या दिवशीं मात्र कांहीं विसरूं नये. अर्धा तास पान उभें ठेवावें, पिवळा चीक निथळूं द्यावा, साल जाड सोलावी, गर धुवावा, जिभेवर पाहावा. घरांतील मुलींस व सुनांस, आणि त्यांच्याबरोबर मुलांसही, ही रीत एकदां समोर बसून दाखवावी. दारावर टांगलेली कोरफड घराचें रक्षण करो वा न करो, नीट चिरलेलें पान घरांतील माणसांचें खात्रीनें रक्षण करील.